खिलार खोंडाला म्होरकी लावताना

आमच्या सांगोला तालुक्यात खोंड वाढवणारे बरेच जण म्होरकीच्या, म्हणजे जनावराच्या तोंडावर बांधायच्या दोरीच्या, नादाला लागत नाहीत. गळ्यात दावं, दीड-दोन वर्षांनी नाक टोचून वेसण, झालं. पण वेसण पडेपर्यंत त्याला आवरायचं कशानं? खिलार जात मुळातच तापट, परक्याला अंगाला हात लावू देत नाही. गळ्यातल्या दाव्यानं ओढलं की मान खाली घालून सगळ्या अंगाचा जोर लावतं आणि माणसाला फरपटत नेतं. म्होरकीनं तोंड वळवता येतं, आणि तोंड जिकडं तिकडं अंग. म्हणून मी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच म्होरकी घालते, आपला जोर त्याच्यापेक्षा जास्त आहे तोवर.

दोरी सुती घ्यायची, करंगळीएवढी जाड. नायलॉनची स्वस्त पडते, पण त्याचे गाल सोलते आणि आपला तळहातही. नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या खाली तीन-चार बोटांवर, हाडावर बसला पाहिजे. खाली घसरला तर मऊ भागावर दाब येऊन श्वास कोंडतो. मग ते उधळतं आणि आपण म्हणतो, मस्तीला आलंय. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. रवंथ करताना जबडा हलायला जागा नको का?

म्होरकी घालायच्या आधी चार दिवस नुसता खरारा. मानेखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, खाजवली की खोंड मान लांब करून डोळे मिटतं. ते तसं करायला लागलं की खाजवता खाजवता म्होरकी चढवायची. मागून कधी जायचं नाही. जनावराला दोन्ही बाजूंचं दिसतं, पण बरोब्बर शेपटामागचं दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याला लाथ बसते. दोन दिवस नुसती म्होरकी अंगवळणी पडू द्या.

मग बांधायचं. इथं माझी चूक सांगते. माझं पहिलं खोंड हरण्या. त्याला लांब दोरीनं लिंबाला निरगाठ मारून बांधलं आणि मी भाकरी थापायला आत आले. धपकन आवाज झाला म्हणून बाहेर पळाले, तर पुढचा पाय दोरीत अडकून हरण्या आडवा, जीभ बाहेर. ओढून ओढून गाठ अशी आवळलेली की नखं तुटली तरी सुटेना. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विळ्यानं दोरी कापली. हरण्या उठून उभा राहिल्यावर एवढंच म्हणाले, "आगं, निरगाठ वैरणीच्या भाऱ्याला. जनावराला सुरगाठ."

तेव्हापासून सुरगाठच. दोरीचं टोक पेचातून पूर्ण ओढून न घेता दुमडून अडकवायचं. टोकाला झटका दिला की गाठ सुटते. दोरी खोंडाच्या डोक्याच्या उंचीवर बांधायची आणि दीड-दोन हातच मोकळी ठेवायची, म्हणजे पाय वर जात नाही. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पुरे. ते ओढेल, मागं रेटेल, बसकण मारेल. तुम्ही जवळ बसून लसूण निवडा, पण आत जाऊ नका. आणि ते झटत असताना सोडू नका. शांत उभं राहिलं की मगच सोडायचं, नाहीतर झटलं की सुटतं एवढंच ते शिकतं.

आता चालवणं. सगळी मेख इथं आहे. खोंड ओढल्यानं शिकत नाही, दोरी सैल पडल्यानं शिकतं. त्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहा, तोंडापुढं नको. समोर उभं राहून सरळ ओढलं तर चारी पाय रोवतं. जरा बाजूला ओढा. तोल जाऊन एक पाय उचलावाच लागतो. पाय उचलला की त्याच क्षणी दोरी ढिली. एक सेकंद उशीर झाला तरी त्याला कळत नाही की सैल कशामुळं पडली. परत ताण, परत पाऊल, परत ढिली. पहिल्या दिवशी दहा पावलं टाकली तरी खूप. संध्याकाळी पाणी पाजायच्या आधी धडा घ्यायचा आणि चालायचं हौदाकडं. तहानलेलं खोंड अर्धं काम स्वतःच करतं. आमच्याकडं आठ-दहा दिवसांत बहुतेक खोंडं रेषेवर येतात.

दोरी हाताला गुंडाळायची नाही, कितीही गरीब खोंड असो. ते उधळलं तर मनगट त्याच्याबरोबर जातं. शेपूट पिरगाळायचं नाही. पाऊल पुढं पडतं, पण पुढच्या वेळी मागं कुणी आलं की लाथच.

२०२२ला लम्पी रोगाची साथ आली, बाजार बंद पडले, आणि लस टोचायला डॉक्टर दावणीला आले. शेजारच्या गोठ्यात एका खोंडाला चौघांनी आडवं पाडलं. आमच्या दोन्ही खोंडांची म्होरकी मी एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं पोळी खाजवली, तोवर सुई टोचून झालीसुद्धा. लाळ्या-खुरकूताची लस तर दर सहा महिन्यांनी असतेच.

खोंड भराभर वाढतं, म्होरकी वाढत नाही. दर पंधरा दिवसांनी दोन बोटं घालून बघा. आवळलेली दोरी कातडीत रुतते आणि पावसाळ्यात त्या जखमेत किडे पडतात.

आमच्या घरात जनावर विकलं तरी दोरी देत नाहीत, दावं-म्होरकी काढून घरी आणतात. गिऱ्हाईक आपली घेऊन येतं. ती नवी, कडक, वेगळ्या वासाची. बाजारात एकदम घातली की शिकवलेलं खोंडही बुजतं. म्हणून सौदा घरी ठरला असेल तर मी त्यांची म्होरकी आठवडाभर आधी मागून घेते आणि त्यांच्याच म्होरकीत खोंडाला रोज हौदावर नेते.