बुगिनीज ‘ङ्क’ संगणकावर लिहिताना या चुका टाळा

इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीची बुगिनीज लिपी, म्हणजे तिकडची लोंतारा, आपल्याला फसवते. ब्राह्मीच्याच कुळातली, अक्षरात ‘अ’ आधीच बसलेला, स्वरांच्या खुणा वर-खाली-बाजूला. मराठी पोरं अर्ध्या तासात ‘जमलं की’ म्हणतात आणि फाइल निस्तरायला माझ्याकडे येते.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे ‘ङ्क’ तोडणे. यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हे एकसंध अक्षर आहे: षोडशमानात (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) १ए०३, दशमानात ६६५९. ‘म्प’, ‘न्र’, ‘ञ्च’ यांचंही तसंच. देवनागरीत ङ, हलन्त आणि क अशी तीन चिन्हं लागतात, म्हणून मंडळी इथेही हलन्त शोधत बसतात. तो नाहीच. २००५ साली यूनिकोड ४.१ मध्ये या लिपीची ३० चिन्हं आली, त्यांत हलन्त नाही, कारण शब्दातल्या कुठल्याही अवयवाच्या (सिलॅबलच्या) शेवटचं व्यंजन लिहायचंच नाही अशी मूळ रीत. ‘लोंतारा’ हा शब्दसुद्धा लो-त-र असाच लिहितात. एका बहाद्दराने तर देवनागरीचा हलन्त आणून मध्ये चिकटवला होता! उलट बाजूने, मूळ मजकुरात नुसता ‘क’ असेल तर शहाणपणा करून त्याचा ‘ङ्क’ करू नका. ही लिपी वापरणारे बुगिस लेखनिक बरेचदा नुसता ‘क’ लिहीत, आणि शेजारच्या मकासर भाषेत तर ही चार अक्षरं वापरतच नाहीत.

आता एकाराची मात्रा. ती दिसते व्यंजनाच्या डावीकडे, पण साठवायची व्यंजनानंतर. आपल्या पहिल्या वेलांटीसारखंच. तरी चुकतं, कारण जुने फॉन्ट. कृतिदेवमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दाबायचो, आठवतंय? लोंताराचेही तसले फॉन्ट होते: आत रोमन अक्षरं, वर बुगिनीज चित्रं. एका गिऱ्हाइकाने गावांच्या नावांची यादी अशाच फॉन्टात दिली. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने रातोरात चिन्हाला चिन्ह बदलणारा मॅक्रो लिहिला. सकाळी ‘बोने’ पाहिलं. हवं होतं ६६६१, ६६८२, ६६६६, ६६८१, म्हणजे ब, ओकार, न, एकार. फाइलीत शेवटची दोन उलटी. एकार ब-ओकाराच्या मागे लोंबतोय आणि ‘न’ उघडा. जिथे शब्दच एकाराने सुरू होत होता तिथे मात्रेला व्यंजनाचा आधार नाही म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ उगवलं. मुलाने घाईघाईने अदलाबदल करणारी ओळ घातली आणि खात्रीसाठी ती दोनदा चालवली! दुसऱ्या फेरीत बरोबर बसलेले एकार उडी मारून पुढच्या व्यंजनापलीकडे गेले. छपाईची तारीख डोक्यावर, आणि मी रात्रभर मूळ यादीशी एकेक नाव ताडतोय.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: मूळ फाइलीला हात लावायचा नाही, बदल नेहमी कोऱ्या प्रतीवर आणि एकदाच. मग पडद्यावरची अक्षरं न बघता त्यांचे आकडे एकाखाली एक छापून वाचायचे. कंटाळवाणं आहे. मॅक्रोवाल्यांना पटत नाही. पटवत बसायचं मीही सोडलंय.

स्वतंत्र ‘उ’ शोधू नका. ‘अ’ला उकार लावा, ‘बासा उगी’ (बुगिस भाषा) तिथे ‘बास अुगि’ होतं. सावरकरी बाराखडी ठाऊक असेल तर हसू येईल.

चौकोन दिसले तर एन्कोडिंग बिघडलेलं नसतं, फॉन्ट नसतो. नोटो सॅन्स बुगिनीज टाका. अक्षरांऐवजी त्यांचं चित्र चिकटवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

डेटाबेसात, यूटीएफ-८ साठवणीत, ‘ङ्क’ला देवनागरीच्या एका चिन्हाइतकेच तीन बाइट लागतात: २२५, १६८, १३१. चार बाइट लागतात ते २०१८ मध्ये आलेल्या जुन्या मकासर लिपीला. यूनिकोडमधला तो पट्टा निराळा; मकासर भाषेने नंतर लोंतारा घेतली, आणि आज ती बहुतेक रोमन लिपीत लिहितात.

आणि एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, षोडशमानाचा आकडा देताना त्याआधीचा एक्स विसरलात, तर ‘ङ्क’च्या जागी ‘ए०३’ आणि एक अर्धविराम उरतो. मग मला फोन येतो की फॉन्ट खराब आहे.