ऑपरेशननंतर मुलाला गाणं ऐकवताय? या चुका टाळा

परळच्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात लहान मुलाच्या ऑपरेशनच्या दिवशी बघा, आईच्या पिशवीत पॉवर बँक आणि हेडफोन असतातच. विचार चांगला आहे. ओळखीच्या गाण्याने मुलाची भीती खरोखर कमी होते. पण गाडी चुकते ती वेळेत.

बहुतेक जण गाणं लावतात ते मूल शुद्धीवर येताना किंचाळायला लागल्यावर. सेव्होफ्लुरेनसारख्या वायूच्या भुलेतून बाहेर येताना काही मुलं, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाहीत. लाथा झाडतात, सलाईन ओढतात, कडेवर घेतलं तरी ढकलून देतात. बघवत नाही, पण हे सहसा अर्ध्या तासाच्या आत आपोआप ओसरतं. तेवढा वेळ गाणं म्हणजे आणखी एक गोंगाट. दिवा मंद करायला सांगा, एकानेच हळू आवाजात बोला, बाकीच्या मावश्या-काकांना बाहेर बसवा. मुलाची नजर तुमच्यावर स्थिरावली की मग गाणं.

आता दुसरी गल्लत. मूल तुमच्याकडे बघतंय, दुखऱ्या जागेकडे हात नेतंय आणि रडतंय, तर ते दुखणं आहे. आवाज वाढवू नका, सिस्टरना बोलवा. गाणं वेदनाशामकाला जोड देईल, त्याची जागा घेणार नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मूल गप्प पडून सारखे आवंढे गिळत असेल, तर घशात रक्त येत असू शकतं. "गाणं ऐकत शांत पडलंय" असं समजून बसू नका, लगेच सांगा. श्वासाला त्रास होतोय किंवा ओठ निळसर दिसतायत, तरी तेच.

खरा फायदा होतो ऑपरेशनच्या आधी. भूल देण्याआधी फार घाबरलेली मुलं नंतर जास्त बेचैन होतात असं आढळलं आहे. म्हणून चार-पाच रात्री आधीपासून झोपताना तेच गाणं लावा आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ते चालेल का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा.

निवड मुलाची हवी. 'रिलॅक्सिंग' म्हणून शोधलेली बासरी त्याने कधी ऐकलेलीच नसते. चाल संथ असावी, मिनिटाला साधारण 60 ते 80 ठोके. गणपतीत ज्यावर ते नाचतं ते गाणं नकोच. सलाईनसकट उठून बसेल. आजीची अंगाई फोनवर रेकॉर्ड करून ठेवलीत तर उत्तम.

गाणं फोनमध्ये उतरवून घ्या. यूट्यूबवर अंगाईच्या मधेच जाहिरात दणकते आणि नुकतंच निजलेलं पोर दचकून उठतं. व्हिडिओ नको, भुलेनंतर डोळ्यांपुढे धूसर दिसतं आणि मळमळतही असतं.

आवाज इतकाच ठेवा की तुमचं कुजबुजणं त्याला ऐकू जाईल. इस्पितळाभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसा मर्यादा 50 डेसिबल. रस्त्यावरच्या हॉर्नवाल्यांनी ती कधीच गुंडाळून ठेवलीय, निदान वॉर्डात तरी शेजारच्या खाटेचा विचार करा. हेडफोन मूल पूर्ण जागं झाल्यावरच द्या, नाहीतर सिस्टरची हाक त्याला ऐकू येत नाही. कानाचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.