टेक्सासमध्ये प्रॉपर्टी टॅक्सच्या नोंदीतून घराचा पत्ता झाकायचा असेल तर

घटस्फोटानंतर माझ्या मावसबहिणीने टेक्सासमध्ये स्वतःच्या नावावर छोटंसं घर घेतलं. काही महिन्यांतच तिचा आधीचा नवरा समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला. पत्ता आमच्यापैकी कुणीच फोडला नव्हता. काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या साइटवर मालकाचं आडनाव टाकलं की घर सापडतं, आणि आपली मराठी आडनावं तिथे इतकी विरळ, की त्या यादीत ती एकटीच होती. "ताई, हे आधी कुणी सांगितलं का नाही?" असं ती रडत म्हणाली. म्हणून हे लिहिते आहे.

मुख्य कागद म्हणजे राज्याच्या कॉम्प्ट्रोलरचा (कर आणि हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याचा) फॉर्म ५०-२८४. तो भरून आपल्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे द्यायचा, कॉम्प्ट्रोलरकडे नाही. टॅक्स कोडच्या कलम २५.०२५ मध्ये कुणाला हा हक्क आहे त्याची यादी आहे: पोलीस, न्यायाधीश, तुरुंग कर्मचारी असे बरेच जण, आणि घरगुती हिंसा, पाठलाग, लैंगिक अत्याचार किंवा मानवी तस्करी सोसलेल्या व्यक्ती. घरगुती हिंसेच्या बाबतीत प्रोटेक्टिव्ह ऑर्डरची (कोर्टाच्या संरक्षण-आदेशाची) प्रत जोडायची. ती नसेल तर हिंसा झाल्याचा दुसरा स्वतंत्र कागदोपत्री पुरावाही कायद्याला चालतो. ऑर्डर नाही म्हणून बहीण अर्जच करणार नव्हती, आणि त्यात दोन महिने वाया गेले. तुम्ही तसं करू नका. मार सोसलेलं मूल किंवा घरातली दुसरी व्यक्ती असली, तरीही अर्ज करता येतो.

एकदा नोंद गोपनीय झाली की तुम्ही लेखी मागे घेईपर्यंत तशीच राहते. दरवर्षी अर्ज नको. पण नवं घर घेतलंत तर तिथे नव्याने भरा.

फॉर्म दिल्यावर काही दिवसांनी स्वतःच शोधून बघा: आधी नावाने, मग रस्त्याच्या नावाने. बिल पाठवणाऱ्या काउंटी टॅक्स ऑफिसची साइट वेगळी असते, तिथेही बघा. टपालासाठी पोस्ट बॉक्स दिला म्हणजे काम झालं असं समजू नका, कारण घर कुठे आहे ते नोंदीत वेगळं लिहिलेलं असतं.

सगळ्यात मोठं भोक काउंटी क्लर्ककडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात आहे. तिथे नोंदवलेल्या डीडला (घराच्या खरेदीखताला) हा फॉर्म लागू होत नाही. डीडवरून सोशल सिक्युरिटी आणि ड्रायव्हिंग लायसन्सचे नंबर नोंदणीआधी खोडायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण नाव राहतंच. म्हणून घर घ्यायच्या आधीच, ते ट्रस्टच्या नावावर घेण्याबद्दल वकिलाशी बोला. एलएलसीच्या (छोट्या खाजगी कंपनीच्या) नावावर घेतलंत तर होमस्टेडची, म्हणजे स्वतः राहत्या घरावरची करसवलत जाते, ट्रस्ट नीट बांधलेला असेल तर ती टिकते.

जिवाला धोका असेल तर अ‍ॅटर्नी जनरलचा अ‍ॅड्रेस कॉन्फिडेन्शियॅलिटी प्रोग्रॅमही बघा. ते पर्यायी पोस्ट बॉक्सचा पत्ता देतात आणि टपाल तुमच्याकडे पाठवतात. पात्र ठरायला प्रोटेक्टिव्ह ऑर्डर किंवा हिंसेचा कागदोपत्री पुरावा चालतो; तो नसेल तर अर्जाआधी पीडित-सहाय्य समुपदेशकाला भेटावं लागतं. ही भेट घर बदलण्याआधीच घ्या.

कलम २५.०२५ च्या यादीत न बसणाऱ्यांना कायदा फार थोडं देतो: राहत्या घराचे फोटो, रेखाचित्रं, आराखडे आणि मालकाचं वय अप्रेझलच्या नोंदीतून इंटरनेटवर टाकायला कलम २५.०२७ ची मनाई आहे. तुमच्या घराचा आराखडा तिथे दिसत असेल तर अप्रेझल डिस्ट्रिक्टला लेखी कळवा आणि त्या पत्राची तारखेसह प्रत जपून ठेवा.