लाखेच्या तबकड्या परगावी पाठवताना

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरहून पुण्याला कुरियरने निघालेल्या ग्रामोफोनच्या बारा तबकड्यांपैकी सात माझ्या हाती तुकड्यांच्या रूपात आल्या. खोक्याच्या चारही बाजूंवर लाल अक्षरांत ‘नाजूक वस्तू’ असे लिहिलेले होते, वर बाण काढलेले होते आणि पाठवणाऱ्या गृहस्थांनी आपल्या परीने काळजीही घेतली होती. परंतु बाराही तबकड्या एकावर एक रचून, भोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यांनी खोके बंद केले होते. प्रवासात बोळे दबले, आत जागा झाली आणि तबकड्या एकमेकींवर आदळत राहिल्या. कंपनीने ‘पॅकिंग अपुरे’ असा शेरा मारून भरपाई नाकारली. त्या अनुभवानंतर मी जी पद्धत ठरवली, ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बाळगणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम, तबकडी पाठवायचीच आहे का, हे ठरवावे. जिची दुसरी प्रत आपल्या माहितीत कोठेही नाही अशी तबकडी टपालाने अथवा ट्रान्सपोर्टने पाठवू नये. ओळखीचा माणूस रेल्वेने जाणार असेल तर त्याच्या मांडीवरच्या पिशवीतून ती पाठवावी, त्यासाठी दोन महिने थांबावे लागले तरी चालेल. आणि कोणतीही तबकडी घराबाहेर काढण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंचे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून घ्यावे. विम्याचे पैसे मिळाले तरी नाट्यपदातली हरवलेली तान परत मिळत नाही.

या तबकड्या मुख्यतः लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असतात. नंतरच्या विनाइलच्या, म्हणजे एका प्लास्टिकच्या, एल.पी. (लाँग प्ले तबकड्या) वाकतात, लाखेची तबकडी वाकत नाही, ती फुटते. त्यामुळे पॅकिंगचा सारा विचार दोन गोष्टींभोवती फिरतो: तबकडीला वाक येऊ द्यायचा नाही आणि तिच्या कडेला धक्का पोहोचू द्यायचा नाही.

दहा इंची तबकडीचा व्यास साधारण २५ सें.मी. असतो. तिच्यासाठी पन्हळी पुठ्ठ्याचे ३० सें.मी. चौरस तुकडे कापावेत, म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच सेंटिमीटर पुठ्ठा कडेच्या पुढे राहतो. प्रत्येक तबकडी स्वच्छ कागदी पाकिटात घालावी आणि दोन तबकड्यांमध्ये पातळ पुठ्ठा ठेवावा. अशा पाचच तबकड्यांचा एक गठ्ठा करावा. गठ्ठ्याच्या वर आणि खाली दोन-दोन जाड पुठ्ठे असे लावावेत की एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. एकाच दिशेच्या पन्हळी असलेला पुठ्ठा त्या दिशेने सहज दुमडतो, काटकोनात लावलेली जोडी दुमडत नाही. पाकिटे पुठ्ठ्याला चिकटपट्टीने धरून ठेवावीत, जेणेकरून तबकडी कडेकडे सरकणार नाही. मात्र चिकटपट्टी तबकडीला किंवा तिच्या लेबलला कधीही लागू देऊ नये. जुन्या वहीसारख्या अल्बममध्ये तबकड्या ठेवून पाठवणे हा फार महागात पडणारा मोह आहे. अल्बमच्या शिवणीपाशी दाब येतो आणि नेमक्या तेथेच तबकड्या तडकतात. अल्बम रिकामा करून वेगळा पाठवावा.

गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सर्व सांधे चिकटवून आतल्या खोक्यात घट्ट बसवावा आणि ते खोके बाहेरच्या मोठ्या, नव्या खोक्यात असे ठेवावे की सहाही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर बबल रॅप किंवा फोम राहील. आंब्याच्या पेटीतला पेंढा हाताशी असला तरी तो वापरू नये; तो दबतो, ओल धरतो आणि त्यातून कीड येते. बंद केलेले खोके जोराने हलवून पाहावे. आतून काहीही ऐकू येता कामा नये. हेच खोके कमरेच्या उंचीवरून खाली टाकण्याचे धैर्य होत नसेल, तर पॅकिंग अजून पुरे झालेले नाही असे समजावे, कारण प्रवासात ते निश्चितच पडणार आहे. मी नवी पद्धत आधी तडकलेल्या, निरुपयोगी तबकड्यांवर अजमावून पाहिली आणि मगच चांगल्या तबकड्यांना हात लावला.

या पॅकिंगची किंमत मोजावी लागते. कुरियर कंपन्या सामान्यतः लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५,००० ने भागून आकारमानाचे वजन काढतात. ४५ × ४५ × २० सें.मी.च्या खोक्याचे असे वजन ८.१ किलो भरते. आतल्या दोन गठ्ठ्यांतल्या दहा तबकड्या पॅकिंगसह चार किलोच्या आसपास असल्या तरी पैसे आठ किलोंहून अधिक वजनाचे द्यावे लागतात. येथे काटकसर करून खोके लहान करणे म्हणजे पुन्हा माझ्या सात तबकड्यांच्या वाटेने जाणे होय.

ग्रामोफोन पाठवायचा असल्यास तो लाकडी पेटीतून ट्रान्सपोर्टने न्यावा. साउंडबॉक्स (सुई बसवलेला, आवाज उमटवणारा भाग), हँडल आणि हॉर्न काढून स्वतंत्र गुंडाळावेत, फिरती थाळी काढून घ्यावी आणि स्प्रिंगची चावी पूर्ण उतरू द्यावी.

ऋतूचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत बंद ट्रकमध्ये विनाइल वाकते आणि पावसाळ्यात गोदामातल्या ओल्या फरशीवर खोक्याचा तळ विरघळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

आता कागदपत्रांविषयी, जेथे बहुतेकांची खरी फसगत होते. स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली किंवा फुटली तर अनेक वर्षे चालत आलेल्या नियमानुसार भरलेल्या टपालशुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल तीच मिळते. म्हणून मौल्यवान पार्सलाचा वेगळा विमा उतरवावा. खासगी कुरियरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत जबाबदारीची मर्यादा छापलेली असते आणि सही केलेली अशी अट ग्राहकावर बंधनकारक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटले आहे. सही करण्यापूर्वी ती अट वाचावी आणि जुन्या वस्तू विम्यातून वगळल्या आहेत का, हे लेखी विचारावे. ट्रान्सपोर्टसाठी २००७ चा रस्ते वाहतूक कायदा लागू होतो: जास्त मूल्य जाहीर करून त्याचा वेगळा दर भरला नाही, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या ठरावीक पटीपुरतीच राहते, आणि नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, मूल्य लिहिताना संकोच करू नये. भाडे वाचवण्यासाठी ५०० रुपये लिहिलेल्या पेटीसाठी पुढे ५०,००० मागता येत नाहीत.

परदेशातल्या मराठी संग्राहकाला तबकडी पाठवताना आणखी एक बाब पाहावी. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला कोलकात्यात १९०२ मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे सुरुवातीच्या तबकड्यांनी शंभरी ओलांडली आहे आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वयाविषयी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र आधी घ्यावे.

पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे पाठवणाऱ्याने काढून ठेवावीत. पार्सल घेणाऱ्याने खोके उघडतानाचा अखंड व्हिडिओ करावा, आणि खोके बाहेरूनच चेपलेले किंवा ओले असेल तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसा शेरा लिहावा. तबकडी फुटलेली निघाली तरी तुकडे टाकून देऊ नयेत. दाव्यासाठी ते पुरावा आहेतच. शिवाय तुकडे जसे सापडले त्याच क्रमाने दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवले आणि कडा एकमेकींवर घासू दिल्या नाहीत, तर जाणकार माणूस ते जुळवून त्यातले गाणे पुष्कळदा उतरवून घेऊ शकतो. माझ्या सातांपैकी दोन तबकड्यांतली पदे आज मला ऐकता येतात, ती अशीच.