व्हायवाला तोंडच उघडत नाही? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

वॉर्डात रोज बीपी घेणारी मुलगी परीक्षक समोर आल्या की कफ उलटा गुंडाळते. पाठ असलेली व्याख्या अर्ध्यावर तुटते. घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडला. पुष्कळदा तसं नसतं. भीती वाटायला लागली की आपण मनाला धीर देण्यासाठी काही ना काही करतो, आणि त्यातल्याच काही सवयी ऐन वेळी दगा देतात.

नोट्स पुन्हा पुन्हा वाचत बसणं

तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पान समोर नसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वही मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं होतं. म्हणून एकदा वाचा, वही मिटा आणि मोठ्याने सांगा. अडखळाल तिथेच परत पान उघडा.

प्रोसिजर नुसती बघणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, असं माझं ठाम मत आहे. जिला भीती वाटते ती डेमोच्या वेळी मागे उभी राहते, कॅथेटर टाकायची वेळ आली की मैत्रिणीला पुढे करते. त्या क्षणी हायसं वाटतं, त्यामुळे पुढच्या वेळीही टाळावंसं वाटतं. प्रोसिजर बुकमध्ये सही मिळते, हात मात्र बसत नाही.

यावर उपाय म्हणजे कुणाच्या तरी नजरेसमोर सराव. मैत्रिणीला परीक्षक करा, चेकलिस्ट तिच्या हातात द्या, मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर लावा. तिने मध्ये एक शब्द बोलायचा नाही, फक्त चेकलिस्टवर खुणा करायच्या. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होईल. ते अवघडलेपण परीक्षेच्या आधीच येऊन गेलेलं बरं.

स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ओस्की (OSCE) या प्रात्यक्षिक परीक्षेच्या पद्धतीत सगळ्यांना एकाच चेकलिस्टवर तपासतात. ओळख करून देणं, रुग्णाचं नाव पडताळणं, हात धुणं, काय करणार ते रुग्णाला सांगणं, यांनाही गुण असतात. घाबरल्यावर घाईघाईत नेमकं हेच सुटतं. त्यामुळे सुरुवातीचं अर्धं मिनिट इतकं घोटून ठेवा की ते विचार न करता व्हायला हवं. मध्येच पायरी राहिली असं लक्षात आलं तर लपवू नका. “मॅडम, हात धुवायचे राहिले, आता धुते,” असं स्पष्ट सांगा. वॉर्डातही तुमच्याकडून हीच अपेक्षा असते.

इंजेक्शन भरताना बोटं थरथरत असतील तर दोन्ही कोपरं अंगाशी टेकवा आणि एक श्वास सावकाश सोडा.

इंग्रजी वाक्य जुळवत गप्प राहणं

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलींना उत्तर येत असतं, पण तोंडातून निघत नाही. आजी वॉर्डात म्हणतात, “धडधडतंय, दम लागतो,” आणि परीक्षेत त्याचं ‘पाल्पिटेशन’ आणि ‘ब्रेथलेसनेस’ करायचं असतं. आठवणं आणि भाषांतर ही दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. म्हणून रोज एका रुग्णाची केस खोलीत मोठ्याने इंग्रजीत सांगा: वय, तक्रार, कधीपासून, आज आपण काय काळजी घेतली. वाक्यं चार-पाच शब्दांचीच ठेवा, व्याकरण चुकलं तरी थांबू नका. परीक्षकांनाही सांगावंसं वाटतं, की मुलीने आधी मराठीत सुरुवात केली तर तिला थांबवू नका. तिला विषय कळलाय की नाही, ते तेवढ्यात समजतं.

आकडेमोड मनात करणं

काळजी डोक्यातली जागा अडवते, म्हणून साधा गुणाकारही चुकतो. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि ड्रिप सेट १५ थेंबांचा, म्हणजे एका मिलीचे १५ थेंब पाडणारा आहे, असं धरा. आधी ४ तास म्हणजे २४० मिनिटं असं कागदावर लिहा. मग ५०० × १५ = ७५००, भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ थेंब. तासांची मिनिटं करायची विसरलात तर उत्तर १८७५ येईल. मिनिटाला इतके थेंब पडतील का, असं स्वतःला विचारलंत की चूक तिथल्या तिथे सापडते.

जागरण, चहा आणि मैत्रिणीची गोळी

संध्याकाळी उशिरा प्यायलेल्या चहा-कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं. त्याने धडधड वाढते आणि ती भीतीसारखीच वाटते. धडधड थांबावी म्हणून मैत्रिणीने दिली तरी प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी घेऊ नका. दमा असलेल्याला ते धोक्याचं ठरू शकतं, आणि आपल्याला दमा आहे का हे गोळी देणाऱ्या मैत्रिणीने विचारलेलंही नसतं.

एकटीनेच निभावणं

रुग्णाची झोप आणि जेवण आपण चार्टवर लिहितो. तीच नजर स्वतःकडेही वळवा. दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, पोस्टिंगला जावंसंच वाटत नसेल, तर वर्गशिक्षिकेशी किंवा डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगू नये असे विचार येत असतील तर निकालाची वाट पाहू नका. आजच फोन करा आणि रूममेटला सोबत बसवून घ्या.