प्राण्यांची रंगदृष्टी फोटोवरून ठरवताना या चुका टाळा

कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून प्रकाश नोंदवतो, आणि हे तीन रंग माणसाच्या डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशींचा (रंग ओळखणाऱ्या पेशींचा) विचार करून निवडलेले आहेत. म्हणूनच फोटो हुबेहूब वाटतो तो आपल्याला. इतर प्राण्यांसाठी तो अपुरा पुरावा आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे साध्या फोटोवर रंगसंस्करण करून त्याला ‘मधमाशीची नजर’ म्हणणे. मधमाशीच्या तीन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतात, तर नेहमीच्या कॅमेऱ्यात सुमारे ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश बहुतांशी सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. रुडबेकिया या फुलाची पाकळी आपल्याला टोकापासून बुडापर्यंत पिवळी दिसते. प्रत्यक्षात तिचे टोक अतिनील प्रकाश परावर्तित करते आणि बुडाचा भाग तो शोषून घेतो, त्यामुळे मधमाशीला फुलाच्या मध्याभोवती वेगळ्या रंगाचे ठळक वर्तुळ दिसते. साध्या फोटोत मात्र दोन्ही भाग सारखेच पिवळे उमटतात, आणि जी माहिती नोंदलीच गेली नाही ती कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. अतिनील किरणे जाऊ देणारी लेन्स आणि बदल केलेला सेन्सर वापरला, तरी त्या फोटोतला जांभळा किंवा निळा रंग माणसाच्या सोयीसाठी दिलेला असतो, हे चित्राखाली लिहिलेच पाहिजे.

कुत्र्याची नजर दाखवण्यासाठी फोटो कृष्णधवल करणे हीदेखील चूकच. कुत्र्याला दोन प्रकारच्या शंकुपेशी असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे ओळखता येतात, घोटाळा होतो तो लाल आणि हिरव्यात.

पेशींचे प्रकार मोजून रंगांची संख्या ठरवण्याचा मोहही टाळावा. मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या समुद्री प्राण्यामध्ये रंगांसाठी १२ प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असूनही, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याला जवळजवळच्या छटा माणसाइतक्याही वेगळ्या ओळखता आल्या नाहीत.

पिसांचा किंवा फुलांचा रंग अभ्यासासाठी मोजायचा असेल, तर जेपेग फोटोतील आकड्यांवर विसंबू नये, कारण व्हाइट बॅलन्स आणि कॉन्ट्रास्ट कॅमेऱ्याने आधीच बदललेले असतात. निदान रॉ फाइल (कॅमेऱ्याने असे बदल न केलेली मूळ नोंद) घ्यावी आणि चौकटीत प्रमाणित करडी पट्टी ठेवावी. अतिनील प्रकाश पाहणाऱ्या पक्ष्यांसाठी मात्र स्पेक्ट्रोमीटरने (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणाऱ्या उपकरणाने) ३०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचे परावर्तन मोजून ते त्याच पक्ष्याच्या शंकुपेशींच्या संवेदनशीलतेशी ताडून पाहावे लागते.