पावसाळी सल्ला: घर आणि गोदामात जमिनीतून येणारी वाळवी

पहिले एक-दोन दमदार पाऊस झाले की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी घोंगावू लागते आणि सकाळी खिडकीखाली गळलेले पंख पडलेले दिसतात. हे पंखवाले किडे लाकूड खात नाहीत, त्यामुळे ते झाडून टाकले तरी घराला फरक पडत नाही. पाहायचं ते हे, की ते निघाले कुठून. उजेडाला बाहेरून आले असतील तर घाबरण्याचं कारण नाही. पण फरशीच्या सांध्यातून, चौकटीच्या बुडातून किंवा भिंतीच्या भेगेतून निघताना दिसले, तर वसाहत घराखाली किंवा घराला लागूनच आहे आणि ती बऱ्याच काळापासून आहे. पंख फुटलेले नर-माद्या बाहेर सोडण्याइतकी वसाहत वाढायला सहसा काही वर्षं लागतात.

पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत निघतात, म्हणून एक किडा हातात घेऊन नीट पाहा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मणी ओवल्यासारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात.

नुकसान करते ती कामकरी वाळवी. तिचं अंग मऊ, पांढुरकं असतं आणि उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती मातीच्या ओलाव्याशी संबंध ठेवून, स्वतः बांधलेल्या मातीच्या नळ्यांमधूनच वर चढते. घर वाचवायचं तर माती आणि लाकूड यांच्यातली ही वाट तोडायची आणि भिंतीजवळचा ओलावा बंद करायचा. औषधाचा नंबर त्यानंतर लागतो. ओलावा आणि सरपण तसंच ठेवून नुसतं औषध ओतलं, तर पैसे आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

तपासणी

विजेरी, पेचकस आणि खडू घ्या. बाहेरून सुरुवात करून जोत्याच्या कडेने संपूर्ण घराला फेरी मारा. भिंतीवर ६ ते १२ मिमी रुंदीच्या मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहा. पायऱ्यांमागे, पाइप भिंतीत शिरतो तिथे, न्हाणीच्या मागच्या बाजूला आणि कुंड्यांच्या आडोशाला विशेष लक्ष द्या. आत चौकटींची खालची टोकं, भिंतीतली कपाटं, जिन्याखालची अडगळ, विजेच्या पट्ट्या आणि भिंतीला टेकलेल्या गोण्यांची मागची बाजू तपासा. चौकटीवर पेचकसाच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर टोक हलकेच दाबा. वाळवी लाकडाचा मऊ भाग तंतूंच्या दिशेने खाते आणि वरचा रंगाचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे चौकट धडधाकट दिसत असली तरी टोक सहज आत जातं. आत ओलसर माती भरलेली सापडली तर ती जमिनीतलीच वाळवी. कोरडे, खसखशीएवढे दाणे गळत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, आणि गोल छिद्रांतून पीठ पडत असेल तर भुंगेरा. या दोन्हींवर जमिनीत औषध घालून उपयोग नाही.

नळी दिसताच सगळी खरवडून काढू नका. मधला तीन-चार सेंटीमीटरचा तुकडा तोडा, खडूने खूण करा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. तुटलेला भाग ओल्या मातीने जोडला असेल तर वाट चालू आहे. जोडला नसेल तरी निर्धास्त राहू नका, वाळवी दुसरीकडून चढत असू शकते. सगळ्या नळ्या आधीच पुसल्या तर औषध कुठे द्यायचं हेच कळत नाही.

वाट तोडणं

सरपण, कडबा, जुने वासे, रिकामे खोके यांतलं काहीही भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीपासून किमान ४५ सेंमी मोकळी जागा सोडा, म्हणजे मागे वाकून पाहता येतं. गोदामातल्या गोण्या थेट फरशीवर न रचता धातूच्या किंवा प्लास्टिकच्या घोडीवर, जमिनीपासून १५ सेंमी उंच ठेवा. लाकडी फळ्या वापरल्या तर आधी त्याच खाल्ल्या जातात. बाहेरची माती जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा किमान १५ सेंमी खाली हवी. अंगणात भर टाकताना ती भिंतीवर चढते आणि नळ्या मातीआड लपतात, ही चूक फार ठिकाणी दिसते.

पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, गळका नळ आणि मोरीचा सांधा पावसाआधीच दुरुस्त करा. ठिबकची नळी किंवा वाफा भिंतीला लागून असेल तर तो दूर सरकवा. बांधकामावेळी मातीत गाडलेले सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या आणि झाडाचे खोड-बुंधे खणून काढा, कारण वाळवीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. साधारण ०.८ मिमीची भेगही वाळवीला पुरते. म्हणून फरशी आणि भिंतीचा सांधा, पाइपाभोवतीची पोकळी सिमेंटने किंवा सीलंटने बुजवा. गोठ्याचे लाकडी खांब मातीत न पुरता सिमेंटच्या ठोकळ्यावर लोखंडी बुटात बसवा.

औषध

चालू नळी सापडली तर भिंतीभोवतीच्या मातीत औषधाचा सलग पट्टा तयार करावा लागतो. दिसणाऱ्या नळीवर रॉकेल, जळकं ऑइल किंवा झटपट मारणारं फवारणीचं औषध मारलं की तेवढी वाळवी मरते आणि बाकीची बाजूच्या भिंतीतून चढते. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध वाळवीला जाणवत नाही. ती त्यातून चालत जाते आणि संपर्काने ते इतरांपर्यंत पोचतं. इमारतीसाठी मान्यता असलेलं ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट, द्रवरूप औषध) घेत असाल तर प्रमाण लिटर पाण्याला २.१ मिली. पिकासाठीचं, वेगळ्या तीव्रतेचं इमिडाक्लोप्रिड याच मापाने वापरू नका. लेबलवर इमारतीचा उल्लेख नसेल तर ते बाजूला ठेवा. क्लोरपायरीफॉसवर अनेक देशांत घरगुती वापरासाठी बंदी आहे, त्यामुळे शेतात उरलेली बाटली घरात रिकामी करू नका.

बाहेरच्या भिंतीलगत फावड्याच्या रुंदीचा, सुमारे ५० सेंमी खोल चर खणा. पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका, पाया उघडा पडून बसू शकतो. दर मीटर लांबीला १.७५ लिटर द्रावण भिंतीच्या उघड्या पृष्ठभागावर आणि चरात द्या. १० मीटर भिंतीला १७.५ लिटर द्रावण म्हणजे सुमारे ३७ मिली औषध लागेल. माती परत लोटताना थराथराने हे द्रावण शिंपडत जा. भिंतीभोवती पक्की फरशी असेल तर जोत्याला लागून ३० सेंमी अंतरावर १२ मिमीची छिद्रं मातीपर्यंत पाडा आणि दर मीटरला २.२५ लिटर सोडा. आतल्या फरशी-भिंतीच्या सांध्यालाही ३० सेंमी अंतरावर छिद्रं पाडा, पण दर छिद्रात जास्तीत जास्त एक लिटर. चौकट आणि भिंत मिळतात तिथे ६ मिमीचं, खाली ४५ अंशात उतरणारं छिद्र पाडून अर्धा लिटरपर्यंत द्रावण द्या. नंतर सगळी छिद्रं सिमेंटने बंद करा.

छिद्र पाडण्याआधी विजेची वायर आणि पाण्याची लाइन कुठून गेली आहे हे पक्कं करा. जमीन चिखल झाली असेल किंवा पाऊस तोंडावर असेल तर थांबा, द्रावण वाहून जातं. विहीर, कूपनलिका किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर स्वतः हे काम करू नका, प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. हातमोजे, बूट, डोळ्यांना चष्मा वापरा. लहान मुलं, जनावरं आणि कोंबड्या जमीन सुकेपर्यंत दूर ठेवा. धान्य, पेंड, चारा आधी बाहेर काढा. धान्यावर किंवा कोठीच्या आतल्या भिंतीवर हे औषध पडता कामा नये.

शेतातली सगळी वारुळं मोडत फिरण्याची गरज नाही. तिथली वाळवी बहुतेक मेलेलं गवत आणि पालापाचोळाच खाते. घराला लागून असलेल्या वारुळाचा मात्र बंदोबस्त करा, आणि त्यात सळई घालण्याआधी साप नाही ना ते पाहा.

औषध दिल्यावर काही आठवडे जिवंत वाळवी दिसू शकते. या औषधाचा परिणाम सावकाश होतो, त्यामुळे घाईने दुसरं झटपट मारणारं औषध वरून मारू नका. खडूच्या खुणा पंधरा दिवसांनी आणि महिन्याने पाहा, आणि पुढेही दर पावसाळ्याच्या आधी व नंतर फेरी मारा. पायाजवळ नंतर नळासाठी किंवा झाडासाठी खणलं तर पट्टा तुटतो. तेवढ्या भागात पुन्हा द्रावण द्यावं लागतं.